तहाचं बटण आणि अंजनगावची छावणी

दिवाळीत अंजनगावला बहिणीकडे गेलो की भाच्याच्या लॅपटॉपवर ‘सिव्हिलायझेशन’चा डाव चालू असतो. इसवीसनपूर्व ४०००मध्ये एक वस्ती हाती घ्यायची आणि तिचं साम्राज्य करायचं. शेजारचे राजे संगणक चालवतो. यंदा भाचा वैतागलेला होता. “मामा, यानं काल दोस्ती केली, अन् आज पुरी फौज घेऊन आला. काऊन?”

मी म्हटलं, तो दोस्ती करत नाही, हिशेब करतो. तुझं सैन्य दुसऱ्या टोकाला गुंतलंय आणि सीमेवरचं शहर मोकळं आहे, एवढं त्याला दिसलं. यावरचे उपाय खेळणाऱ्यांना पाठ असतात. दोन शेजाऱ्यांशी एकाच वेळी वाकडं घ्यायचं नाही. शत्रू एकत्र येण्याआधी एकेकाला गाठायचं. आणि तह करायचा तो जिंकत असताना, कारण तेव्हाच समोरचा जास्त देतो.

हे सांगताना लक्षात आलं, की हेच नियम आमच्यावर इथेच वापरले गेले होते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहाचं नावच सुर्जी-अंजनगावचा तह. शहानूर नदीच्या दोन काठांवरची ही दोन गावं शाळेच्या पुस्तकात एका ओळीपुरती येतात.

सुरुवात घरातल्या भांडणातून झाली. २५ ऑक्टोबर १८०२ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला कंपनीशी तह करून बसला. शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले एकत्र आले. होळकर यावेत म्हणून वाट पाहिली, पण ते माळव्यातच राहिले. इकडे गव्हर्नर जनरलनं आपला भाऊ आर्थर वेलस्ली याला युद्ध आणि तह या दोन्हींचे अधिकार दिले. त्याला दर वेळी कलकत्त्याला विचारावं लागत नव्हतं. मराठ्यांकडे मात्र तीन दरबार आणि तीन मतं होती.

ऑगस्टमध्ये अहमदनगर पडलं, २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. उत्तरेत लेकनं त्याच महिन्यात दिल्ली घेतली. २३ नोव्हेंबरला वेलस्लीनं शिंद्यांशी तहकुबी केली, पण त्यात भोसल्यांना घेतलं नाही. दोघांतली गाठ तिथेच सैल झाली. शिंद्यांनी तहकुबीच्या अटी पाळल्या नाहीत आणि त्यांचे घोडेस्वार भोसल्यांच्या फौजेजवळच राहिले. २९ तारखेला अडगावला दोघांचाही पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोन दिवसांनी भोसल्यांनी देवगावला तह केला आणि शिंदे एकटे उरले.

तरी बोलणी सोपी नव्हती. शिंद्यांच्या बाजूनं विठ्ठलपंत नावाचे वृद्ध मुत्सद्दी होते. कितीही कठोर मागणी आली तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. ब्रॅग हा हातातली पानं चेहऱ्यावर दिसू न देण्याचा पत्त्यांचा डाव. जॉन माल्कमला वाटलं, या डावाला याहून चांगला चेहरा मिळायचा नाही. इंग्रज छावणीत पंतांचं नाव ‘म्हातारा ब्रॅग’ पडलं. पुढे युरोपात कुणी तालेराँबद्दल विचारलं तेव्हा वेलस्ली म्हणाला, बराचसा म्हाताऱ्या ब्रॅगसारखा, पण तितका हुशार नाही.

मला पंतांचं वाईट वाटतं ते यामुळेच. चेहरा उत्तम होता, पण हातात पानं नव्हती. गंगा-यमुनेचा दोआब, भडोच, अहमदनगर आणि बादशहावरचा हक्क गेला. बऱ्हाणपूर आणि अशीरगड परत मिळाले. होळकर १८०४मध्ये लढायला उठले, तेव्हा तेही एकटेच होते.

मात्र एका गोष्टीत खेळ आणि इतिहास वेगळे पडतात. तहातल्या एका कलमाचा अर्थ ताणून कंपनीनं ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना नाकारले. त्याला विरोध केला तो तह करणाऱ्या वेलस्लीनंच. शब्दाची पत राखण्यासाठी ग्वाल्हेर दहादा सोडावं लागलं तरी चालेल, असं त्याचं मत होतं. शेवटी १८०५मध्ये दोन्ही परत द्यावे लागले. संगणकाच्या राजाला अशी पतीची चिंता नसते. त्याच्याकडे फक्त अधिक-उण्याचे आकडे असतात.

भाच्यानं तोवर तह उरकला होता. शांततेच्या बदल्यात सीमेवरचं एक शहर देऊन टाकलं होतं. “लहानसंच तर हाय मामा,” तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, की आपलं वऱ्हाडही असंच दिलं गेलं होतं. महसूल निजाम आणि भोसले वाटून घेत. देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा हक्क सोडला आणि १८०४मध्ये तो निजामाला मिळाला. १८५३मध्ये निजामानं हा मुलूख कंपनीकडे सोपवला, १९०२मध्ये तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं दिला गेला, १९०३मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. इथल्या एकाही कास्तकाराला कुणी विचारलं नाही.

त्यानं पडद्याकडे पाहिलं, पण तह मोडता येत नव्हता. मग त्यानं त्या शहरावर बाण नेऊन तिथे किती माणसं राहतात ते पाहिलं. याआधी त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं.