लेसे व्हिब्रे, सोर्दिनो आणि आस

पाश्चात्त्य स्वरलेखनात टाय नावाची एक छोटी कमान असते. ती एका सुरापासून निघते, पुढच्या त्याच सुरापाशी टेकते आणि वादकाला बजावते की हा दुसरा पुन्हा वाजवू नकोस, पहिलाच लांबव. हार्प, झांजा किंवा व्हायब्राफोनच्या कागदांवर मात्र अधूनमधून एक कमान अशी दिसते की ती निघते, पण टेकत कुठेच नाही. शेजारी बहुधा दोनच अक्षरं असतात, एल आणि व्ही. म्हणजे ‘लेसे व्हिब्रे’: तार छेडलीत ना, आता तिच्यावर हात ठेवू नका, नाद विरेल तेव्हा विरेल.

ही लोंबती कमान संगणकाच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. संगणकाच्या हिशेबी कमानीला दोन टोकं हवीतच. जुन्या प्रणालींत लोक पुढे एक खोटा सूर लिहायचे, त्याला कमान जोडायचे आणि मग तो सूर छापताना लपवायचे. लिलिपाँड ही मोफत प्रणाली १९९६ साली दोन डच संगीतप्रेमींनी सुरू केली. तिच्यात सुराचं अक्षर टंकायचं, पुढे उलटी तिरपी रेघ मारून ‘लेसेव्हिब्रे’ असं सलग लिहायचं, की अर्धी कमान आपोआप उमटते. डचांनी बांधलेल्या प्रणालीत आज्ञा फ्रेंच, कारण हार्पवाल्यांच्या आणि तालवादकांच्या तोंडी तोच शब्द बसलेला. गिटारवाल्यांनी मात्र फ्रेंचची भीड ठेवली नाही. त्यांच्या कागदावर सरळ ‘लेट रिंग’ लिहून पुढे तुटक रेघ ओढतात.

यातला ‘लेसे’ आपल्या ओळखीचा आहे, ‘लेसे फेअर’ अर्थव्यवस्थेमुळे. मुळात लॅटिन ‘लॅक्सारे’, म्हणजे सैल सोडणं. त्याच घराण्यातून इंग्रजीत रिलॅक्स आला, सिनेमाचं रिलीज आलं आणि जागेचं लीजसुद्धा. ‘व्हिब्रे’च्या मुळाशी ‘व्हिब्रारे’ आहे, म्हणजे हलवणं, थरथरवणं. भाला परजण्यालाही रोमन लोक हेच क्रियापद वापरत. आपल्या ‘वेप्’ धातूशी त्याचं नातं जोडलं जातं. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगाला सुटतो तो ‘वेपथु’ याच धातूचा.

खरी गंमत उलट बाजूला आहे, नाद थांबवणाऱ्या शब्दात. इटालियन ‘सोर्दिनो’ हा ‘सोर्दो’पासून आला, आणि सोर्दो म्हणजे बहिरा. बहिरेपण खरं तर ऐकणाऱ्याचं, नादाचं नव्हे. पण लॅटिनमध्येच ‘सुर्दुस’चा अर्थ न ऐकणारा आणि न ऐकू येणारा असा दोन्हीकडे पसरला होता. शाळेत आपण ज्याला करणी म्हणतो त्या संख्येला इंग्रजीत ‘सर्ड’ म्हणतात, तोही हाच शब्द. अरबी गणितज्ञ अशा संख्येला ‘बहिरी’ म्हणत, आणि लॅटिन भाषांतरकारांनी शब्दाला शब्द ठेवला.

व्हायोलिनवर सोर्दिनो म्हणजे घोडीवर बसवायचा चिमटा. आवाज दबका करण्यापुरतं त्याचं काम. पियानोवर तोच शब्द तारांवर टेकणाऱ्या गाद्यांसाठी वापरला जाई. पट्टी सोडली की गादी खाली येते आणि तार मुकी होते. बेथोव्हननं १८०१ साली लिहिलेल्या, पुढे ‘मूनलाइट’ म्हणून गाजलेल्या सोनाटाच्या आरंभी सूचना आहे की हा सबंध भाग अतिशय हळुवार आणि ‘सेन्झा सोर्दिनो’ वाजवावा, म्हणजे सोर्दिनोविना. व्हायोलिनवाला हे वाचून म्हणेल, चिमटा काढा, झालं. पियानोवर त्याचा अर्थ होतो: गाद्या उचललेल्याच ठेवा, सगळ्या तारा मोकळ्या वाजू देत. त्या काळच्या पियानोत नाद लवकर विरायचा म्हणून ते शोभत असे. आजच्या दणकट पियानोवर सूचना शब्दशः पाळली तर सूर एकमेकांत कालवले जातात, आणि वादक पायानं हळूच तडजोड करतात. लेसे व्हिब्रे जे सांगतो तेच बेथोव्हन सांगत होता. पण ‘सोडा’ असं न म्हणता ‘बहिरं करू नका’ असं, दोन नकारांनी.

आपल्याकडे तबल्याच्या बोलांना अशी पुरवणी लागत नाही. डग्ग्यावर ‘घे’ म्हटलं की बोटांनी ठोका देऊन हात उचलायचा, घुमारा राहतो. ‘के’ म्हटलं की पंजा पुडीवर आपटून तसाच ठेवायचा. खुलं की बंद, हे अक्षरातच आलं. शार्ङ्गदेवानं तर ही गोष्ट थेट व्याख्येत घातली. हा देवगिरीच्या यादव दरबारात, सिंघणाच्या पदरी, हिशेबखात्याचा अधिकारी होता. तेराव्या शतकातल्या ‘संगीतरत्नाकरा’त स्वराचं लक्षण सांगताना तो ‘अनुरणन’ हा शब्द वापरतो: आघातानंतर मागून रुणत राहणं. म्हणजे गुंजत राहणं हाच स्वराचा स्वभाव, त्याला वेगळी परवानगी कशाला? तरीही आपली बाजू फार ताणू नये. आपल्या भातखंडे स्वरलिपीत सूर लांबवायला आडवी रेघ आहे, पण तार मोकळी सोडा असं सांगणारं चिन्ह तिच्यातही नाही. ते गुरूसमोर बसूनच शिकायचं.

उद्या एखाद्या स्वरलेखन प्रणालीची मराठी आवृत्ती निघाली, तर या कमानीला काय म्हणावं? ‘कंपित होऊ द्या’ हे सरकारी परिपत्रक झालं. ‘झंकारू द्या’ तारेला ठीक, झांजेला नाही. ‘घुमू द्या’ डग्ग्यापुरतं. सतारिये आणि तबलजी रेंगाळणाऱ्या नादाला ‘आस’ म्हणतात. डग्ग्याला आस चांगली आहे, मींडेत आस तुटली, असं. हा शब्द तारेला चालतो, चामड्याला चालतो, धातूलाही चालेल. आशेतली आस कुणाच्या मनात आली तर येऊ दे. माझं मत ‘आस राहू द्या’ला, भाषांतर करणाऱ्यांनी कोश उघडण्याआधी एखाद्या तबलजीला विचारावं.