क्राकेनचे मर्म

पुराणातल्या प्रत्येक राक्षसाचे मर्म कुठेतरी असतेच. मग नॉर्वेच्या समुद्रातील क्राकेन या अजस्र जलराक्षसाचे मर्म कोणते?

१९८१ सालच्या एका इंग्रजी चित्रपटाने त्याला ग्रीक कथेत नेऊन बसविले आणि मेड्युसाचे मस्तक दाखवून त्याचा दगड केला. ज्यूल व्हर्नच्या १८६९-७० सालच्या कादंबरीत त्याचे भाऊबंद शोभावेत असे महाकाय माकुल पाणबुडीवर चालून येतात. विजेच्या गोळ्या त्यांच्या मऊ मांसात फुकट जातात. अखेर कुऱ्हाडीच कामी येतात. त्या झुंजीत एक खलाशी बळी जातो. कप्तान निमो जगाला ठाऊक आहे. खलाशाचे नाव मात्र कादंबरीत नाही.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला याहून जुनी साक्ष मोलाची वाटते. बर्गेनचा बिशप पोन्टोपिडान याने १७५२-५३ साली नॉर्वेचा निसर्ग-इतिहास प्रसिद्ध केला. त्यात कोळ्यांचे सांगणे नोंदले आहे. जिथे ८० ते १०० वाव पाणी असायचे, तिथे दोरी २०-३० वावांवरच टेकली, की खाली क्राकेन आहे असे ते समजत. पण पळत नसत. कारण त्याच्यावरच मासळी उदंड मिळे. दोरी आणखी उथळ लागू लागली, म्हणजेच तो वर येऊ लागला, की मगच वल्ही मारून दूर होत.

क्राकेन खरा नसेल. दोरी खरी होती. तो सावकाश वर येतो, हेच त्याचे मर्म त्यांनी ओळखले होते. वीराची वाट पाहणे त्यांना परवडणारे नव्हते.