रंगाची रेघ आणि विजेची वाट

शाळेच्या प्रदर्शनात मातीचं धरण, पुठ्ठ्याचं वीजघर आणि त्यात लुकलुकणारे दिवे आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण त्या फळीच्या पाठीमागे डोकावून बघा. तारांचा नुसता गुंता! आता तारेच्या जागी रंगाची रेघ ओढूनही दिवा लावता येतो. ही युक्ती नवी वाटते खरी; मूळ मात्र बरंच जुनं आहे.

1840 च्या सुमारास इंग्लंडात रॉबर्ट मरे याने दाखवून दिलं, की मेणाच्या साच्यावर ग्राफाइटची, म्हणजे शिसपेन्सिलीतल्या काळ्या द्रव्याची, पूड चोळली की त्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवता येतो. पुढे 1920 नंतर घरी रेडिओ बनवणारे हौशी लोक कागदावर पेन्सिलीची रेघ ओढून तिचा रोधक म्हणून उपयोग करीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफगोळ्यांच्या रेडिओ-स्फोटकयंत्रांसाठी चिनीमातीसारख्या पट्ट्यांवर चांदीच्या शाईने विद्युत्‌मंडले छापली गेली. घरच्या रेडिओतली पेन्सिलीची रेघ अशी कारखान्यात पोहोचली.

या रंगात असतं काय? चांदीचे किंवा कार्बनचे बारीक कण आणि त्यांना बांधून ठेवणारा चिकट पदार्थ. रंग ओला असतो तोवर कण सुटे असतात. तो वाळला की कण एकमेकांना टेकतात आणि वीज कणावरून कणावर जाते. म्हणून रेघ पुरती वाळू द्यावी. घाई केली तर दिवा लागायचा नाही.

कार्बनची रेघ विजेला बरीच अडवते. हिशेब सोपा आहे. समजा, रंगाच्या एका चौकोनाचा रोध 50 ओहम आहे. अर्धा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब रेघेत असे वीस चौकोन बसतात, म्हणजे 1000 ओहम. जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन रेघांचे झाले 2000. एवढ्या रोधातून विजेरीचा जुना बल्ब पेटणार नाही. त्याला फार प्रवाह लागतो. पण 1962 साली निक होलोन्याक यांनी लाल प्रकाश देणारा डायोड दाखवला, आणि आजचा एलईडी त्याच कुळातला. नऊ व्होल्टच्या बॅटरीतले सुमारे दोन व्होल्ट त्याने घेतले तरी उरलेले सात व्होल्ट साडेतीन मिलिअँपिअर प्रवाह देतात. तेवढ्यात तो उजळतो. लांब वाटेसाठी चांदीचा रंग घ्यावा. दोन रेघा एकमेकींवरून जात असतील तर मधे कागद चिकटवावा. आणि घरातल्या विजेला हा रंग कधीही जोडू नये, बॅटरीच वापरावी.

आता प्रतिकृती करायची ती कशाची? पुणे जिल्ह्यातल्या शिक्षकांना मुळशीहून जवळचा विषय कोणता? टाटांच्या कंपनीने मुळशीला मुळा-नीला नद्यांचं पाणी अडवलं आणि ते सह्याद्रीवरून खाली उतरवून 1927 साली भिऱ्याला वीजघर सुरू केलं. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून पडणारं ते पाणी मुंबईच्या गिरण्यांना आणि दिव्यांना बळ देऊ लागलं.

पण या धरणाच्या पोटी मावळातली गावं आणि भाताची खाचरं गेली. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी तो चालवला. बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यातून. लोक तुरुंगात गेले, तरी धरण झालं.

म्हणून मुळशीच्या फळीवर दोन कळा बसवाव्यात. पहिली दाबली की रंगाच्या रेघेने वीज भिऱ्याहून निघते आणि मुंबई उजळते. दुसरी दाबली की जलाशयाच्या निळ्या, झिरझिरीत कागदाखाली बुडालेल्या गावांचे दिवे लागतात. मुलांनी दोन्ही कळा दाबून बघाव्यात. मुंबईला उजेड कुठून आला आणि त्यासाठी कोणाचं घर पाण्याखाली गेलं, हे एकाच फळीवर त्यांच्या डोळ्यांसमोर राहील.