जमीन कोणाची?

रशियन क्रांती म्हटली की लेनिन आणि पेट्रोग्राडचे कामगार आठवतात. मला मात्र तिथला शेतकरी आठवतो. १८६१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरने त्याला भूदास्यातून मुक्त केले. पण मिळालेल्या जमिनीचे पैसे ४९ वर्षे हप्त्यांनी फेडायचे होते. १९०५ च्या उठावानंतर ते माफ झाले. १९१७ मध्ये बोल्शेविकांनी जमीनदारांची जमीन त्याला दिली. बाराच वर्षांनी, १९२९ पासून, स्टालिनने ती सामूहिक शेतीत ओढली. १९३२ मध्ये देशांतर्गत पासपोर्ट आले, पण बहुतेक खेडुतांना ते नाकारले गेले. हा नियम थेट १९७४ साली बदलला. म्हणून कुठल्याही क्रांतीबद्दल वाचताना मी आधी एवढेच पाहतो: नांगर धरणाऱ्याला स्वतःच्या मर्जीने गाव सोडता येत होते का?