परक्याची राखण



परकेपणा म्हणजे काय, हे कोकणी माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या तेव्हा त्यांना जुन्या रत्नागिरी जिल्ह्याइतकी माणसे क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याने पुरवली असतील. एका खोलीत दाटीवाटीने, पाळीपाळीने झोपणाऱ्या ह्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर गावची चूल पेटत असे. असा परमुलखी गेलेला माणूस दुसऱ्या परमुलखी माणसाशी कसा वागला? इतिहासाचे पहिले उत्तर अभिमानाने सांगण्यासारखे नाही, म्हणून तेच आधी सांगतो.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच धामधुमीत उभी राहिली. दीड लाखाच्या घरात कामगार सहा महिने एकजुटीने राहिले. पुढे शिवडीच्या तेल कंपन्यांत संप झाला, तेव्हा संपवाल्यांच्या जागी पठाण आणले गेले. पठाण म्हणजे चाळीच्या तोंडाशी व्याजासाठी काठी घेऊन उभा राहणारा सावकार, ही ओळख कामगाराला आधीपासून होतीच. फेब्रुवारी १९२९ मध्ये गिरणगावात बोलवा उठली की पठाण मुले पळवतात. बांधकामाच्या पायात बळी देण्यासाठी मुले हवी आहेत. मग दिसेल त्या पठाणावर जमाव तुटून पडला. पाहता पाहता त्याचा हिंदुमुसलमान दंगा झाला, लष्कर बोलवावे लागले आणि सुमारे दीडशे माणसे प्राणांस मुकली.

सरकारी चौकशी समितीने युनियनच्या पुढाऱ्यांच्या भाषणांवर ठपका ठेवला. तो वाद आज उकरत नाही. मला त्यातून दिसते ते वेगळेच. बी कोठेही पडले तरी उगवत नाही, त्याला जमीन लागते. संपफोडीचा राग खरा होता, व्याजाचा जाचही खरा होता. परंतु पठाणाला कामावर ठेवणारी कंपनी सुरक्षित राहिली आणि रस्त्याने जाणारा गरीब पठाण मात्र मेला. सहा महिने गिरणीचे फाटक राखणारी संघटना हाती असूनही, ज्या गल्लीत परका राहतो ती गल्ली राखण्याची तजवीज आधीपासून केलेली नव्हती.

अशी तजवीज करता येते काय? येते. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेशापासून तेलंगणापर्यंतचे कामगार तेथे पोट भरतात. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते होरपळून निघाले. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे एकत्र बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची किरकोळ भांडणे मिटवू लागली. वरवर पाहता ही क्षुल्लक कामे. पण त्यामुळे माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आता अलीकडचा एकच दिवस पाहा : १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे ठरवले गेले. एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढेच निमित्त. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना ठेचून मारले. कित्येकांनी ते पाहिले, कित्येकांनी मोबाईलवर टिपले. एकोणनव्वद वर्षांनी अफवा तीच होती; फक्त तिला पाय होते त्याचे पंख झाले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरले. सोबत दोन वर्षांचे मूल होते. तेथे काही स्थानिकांनी त्यांना घरात घेऊन दार लावले, पोलीस धावून आले आणि ती माणसे वाचली. एकच दिवस, एकच अफवा. फरक पडला तो दार लावणाऱ्या हातांनी.

आपली मुले आज दूरदेशी आहेत, तेथेही हाच न्याय. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात श्रीनिवास कुचिभोटला ह्या अभियंत्याला, इराणी समजून, ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणत एकाने गोळ्या घातल्या. मारेकऱ्याला रोखायला इयान ग्रिलट हा तेथलाच तरुण धावला आणि स्वतः गोळी खाऊन बसला. आपल्या मुलासाठी तेथे कोणी उठावे असे वाटत असेल, तर येथे परक्यासाठी आपण उठले पाहिजे.

पालीला हे सांगण्याचे कारण आहे. गोव्याचा आणि कोल्हापूरचा रस्ता येथे फुटतो. नाना मुलखांचे लोक येथून जातात. आपल्या जिल्ह्यात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी राखणदार असतात, मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी असतात. ते आपला माल राखतात. त्यांना कोण राखणार?

ह्याला शौर्य लागतेच असे नाही. ‘मूल पळवले’ अशी हाकाटी झाली की पहिला प्रश्न विचारावा : कोणाचे मूल? कोणत्या घरचे? राईनपाड्याला हा प्रश्न कोणी ठासून विचारला असता, तर एकही मूल हरवलेले निघाले नसते. मारणाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा मार खाणाऱ्याजवळ जाऊन उभे राहावे, त्याला घरात घ्यावे. एकाने ११२ ला फोन करावा, दुसऱ्याने जमावातल्या ओळखीच्यांना नावाने हाक मारावी. नावाने हाक मारली की जमावातला माणूस पुन्हा बाबल्या, पुन्हा दगडू होतो. आणि दुसऱ्या दिवशी त्या परक्याच्या दारी जाऊन विचारपूस करावी.

पण ही कामे ऐन वेळी सुचत नाहीत. संपाची समिती संपाच्या आधी नेमावी लागते, तशी ही माणसेही आधी ठरवावी लागतात. वाडीवाडीतून पाच-सात माणसे निवडा, त्यांत बायका असू द्या, आणि बागेतला एक राखणदारही असू द्या. एवढे ह्या वसंतात झाले, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.