अल्परक्तशर्करेचे भय

अल्परक्तशर्करेचे भय : इन्शुलिनाच्या उपचारामुळे रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण (रक्तशर्करा) धोकादायक पातळीपर्यंत उतरेल, अशी प्रकार १ च्या मधुमेहाच्या रोग्यास व त्याच्या आप्तांस वाटणारी धास्ती. या प्रकारात अग्निपिंडातील इन्शुलीन तयार करणाऱ्या कोशिका नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे इन्शुलीन बाहेरून घ्यावे लागते आणि एकदा टोचलेली मात्रा परत काढून घेता येत नाही. १०० मिलि. रक्तद्रवात ७० मिग्रॅ.पेक्षा कमी ग्लुकोज आढळल्यास तत्काळ साखर घ्यावी लागते, ५४ मिग्रॅ.खालील पातळी गंभीर समजतात. घाम, कंप, छातीत धडधड व भूक ही प्रारंभीची लक्षणे होत. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास मेंदूस ग्लुकोज अपुरे पडून मतिभ्रम, आकडी व बेशुद्धी येते.

हे भय इन्शुलिनाबरोबरच आले. १९२१–२२ च्या हिवाळ्यात टोराँटो (कॅनडा) येथे जे. बी. कॉलिप हे अग्निपिंडाच्या अर्काचे शुद्धीकरण करीत असता प्रभावी अर्क टोचलेल्या सशांना आचके येऊ लागले. रक्तशर्करा अतिशय उतरल्याचा हा परिणाम असून ग्लुकोज देताच ससे पूर्ववत होतात, हे त्यांनी ओळखले. पुढे सशाला आचके आणणारी मात्रा हेच अर्काची शक्ती मोजण्याचे माप ठरले. म्हणजे ज्या अवस्थेची रोग्यांना पुढे आयुष्यभर धास्ती वाटणार होती, तीच औषधाच्या पहिल्या एककाचा आधार होती. त्याच वर्षी टोराँटोतील ए. ए. फ्लेचर व डब्ल्यू. आर. कँबेल यांनी माणसांतील लक्षणांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा घरी रक्तशर्करा मोजण्याची सोय नव्हती. लघवीतील साखरेची परीक्षा करता येई. पण लघवीत साखर नसणे एवढ्यावरून रक्तशर्करा योग्य आहे की धोक्याइतकी कमी, हे कळत नसे. रोग्याला शरीराच्या इशाऱ्यांवरच विसंबावे लागे.

हे इशारेही कायम राहत नाहीत. लंडनमधील वैद्य आर. डी. लॉरेन्स हे स्वतः मधुमेही होते व १९२३ पासून इन्शुलीन घेत होते. दीर्घकाळ इन्शुलीन घेणाऱ्यांत प्रारंभीची लक्षणे पालटतात किंवा लोपतात, हे त्यांनी १९४१ मध्ये नोंदविले. या घटनेची उकल होण्यास अर्धशतक लागले. एके दिवशी रक्तशर्करा उतरली, तर दुसऱ्या दिवशीच्या तशाच प्रसंगी ॲड्रेनॅलिनाचा स्राव व लक्षणे मंदावतात, असे अमेरिकेत पी. ई. क्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले. परिणामी ज्यांना धोका सर्वाधिक, त्यांनाच चाहूल सर्वांत कमी लागते. उलट, ज्यांना फार भय वाटते त्यांची अडचण निराळी असते. भीतीनेही ॲड्रेनॅलीन स्रवते. तेव्हा छातीतील धडधड भयाची की उतरलेल्या साखरेची, हे केवळ जाणिवेवरून ठरविणे कठीण असते. मात्र काही आठवडे रक्तशर्करा काटेकोरपणे उतरू न दिल्यास हरवलेली लक्षणे बऱ्याच अंशी परत येतात, हे इटलीतील पेरूजा येथील सी. फानेल्ली प्रभृतींनी १९९३ मध्ये व लंडनमधील संशोधकांनी १९९४ मध्ये सिद्ध केले.

वैद्यकाने या भयाकडे फार उशिरा लक्ष दिले. साखर मुद्दाम चढी ठेवणाऱ्या रोग्यास हेकट वा बेशिस्त ठरविणे सोपे होते. व्हर्जिनिया विद्यापीठातील डी. जे. कॉक्स, एल. ए. गाँडर-फ्रेडरिक व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या भयाचे मापन करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. इन्शुलिनाच्या शोधास तोवर पासष्ट वर्षे होऊन गेली होती. चिंता व वर्तन असे तिचे दोन भाग आहेत. एकटे न राहणे, निजण्यापूर्वी गरजेपेक्षा अधिक खाणे, मात्रा कमी घेणे या गोष्टी दुसऱ्या भागात येतात. याच गटाने एक प्रशिक्षणक्रमही तयार केला. त्यात रोगी लक्षणांवरून आपल्या रक्तशर्करेचा अंदाज आधी लिहून ठेवतो, नंतर ती मोजतो आणि स्वतःच्या शरीराचा कोणता इशारा भरवशाचा आहे हे शिकतो. रोग्याला धीर धरण्याचा कोरडा उपदेश करण्यापेक्षा ही पद्धत अधिक समंजस होय.

भय निराधार नव्हते, हे अमेरिका व कॅनडात १,४४१ रोग्यांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने स्पष्ट केले. काटेकोर उपचाराने डोळे, मूत्रपिंड व तंत्रिका यांचे विकार लक्षणीय घटले. परंतु गंभीर अल्परक्तशर्करेचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. त्याआधी १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये आर. बी. टॅटरसॉल व जी. व्ही. गिल यांनी अंथरुणात मृत आढळलेल्या २२ तरुण मधुमेह्यांची माहिती प्रसिद्ध केली होती. रात्री उतरलेली साखर हे त्यांच्या मृत्यूचे संभाव्य कारण मानले गेले. अनेक माता-पिता मुलाची साखर तपासण्यासाठी रात्री उठतात, त्यामागे हीच शंका असते.

घरी रक्तबिंदूवरून साखर मोजण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली. त्वचेखाली सतत मापन करणारे उपकरण अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाले. पण त्यातील नोंदी वैद्य मागाहून वाचत असे, त्यामुळे झोपलेल्या रोग्याला त्याचा उपयोग नव्हता. धोक्याची घंटा देणारी उपकरणे त्यानंतर आली. साखर उतरताच इन्शुलीन आपोआप थांबविणारे पंप यूरोपात २००९ मध्ये व अमेरिकेत २०१३ मध्ये मिळू लागले. बेशुद्ध रोग्यासाठी ग्लुकागॉन हे औषध होतेच. पण त्याची पूड द्रवात मिसळून टोचण्याचे काम घाबरलेल्या आप्तांना करावे लागे. नाकातून द्यावयाचे ग्लुकागॉन अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाले. ते बेशुद्ध रोग्याने आत ओढून घेण्याची गरज नसते.