टंचाई चिपची, गोष्ट राळेची

जुना संगणक उघडून पाहिला, तर आतल्या हिरव्या पाटीवर अनेक पायांचे काळे चौकोन बसवलेले दिसतात. त्यांना आपण चिप म्हणतो. खरी चिप असते ती आत, नखाएवढा सिलिकॉनचा पातळ तुकडा. बाहेरचे काळे कवच इपॉक्सी राळेत सिलिकाची पूड मिसळून बनवतात. ते चिपला ओल, धूळ आणि धक्के यांपासून जपते. चिपच्या किमतीत राळेचा वाटा अगदी नगण्य. पण १९९३ साली याच राळेने संगणक-उद्योगाची झोप उडवली.

४ जुलै १९९३ रोजी जपानच्या शिकोकू बेटावरील निईहामा येथे सुमितोमो केमिकल कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या कवचासाठी लागणारी जगातील निम्म्याहून अधिक उच्च प्रतीची राळ तेथे बनत होती. एवढे उत्पादन एकाच ठिकाणी का एकवटले? राळेत क्लोरीनचा थोडासा अंश राहिला, तरी ओल लागताच चिपमधील ॲल्युमिनियमच्या बारीक रेषा गंजतात. म्हणून राळ अतिशय शुद्ध लागते, आणि एकदा पारखून घेतलेला पुरवठादार चिप बनवणारे सहसा बदलत नाहीत.

त्या काळी संगणकांची मागणी झपाट्याने वाढत होती. बातमी येताच साठेबाजी सुरू झाली. खुल्या बाजारात स्मृती-चिपचे भाव काही आठवड्यांत दुपटीच्या आसपास गेले. गंमत अशी, की राळ अजून संपलीच नव्हती! गोदामांत साठा होता, इतर कारखानेही मदतीला आले. टंचाईच्या आधी तिची भीतीच बाजारात पोचली होती.

२०२० मध्ये मात्र टंचाई खरीच आली. कोविडच्या साथीत मोटार-कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, तर लॅपटॉपची मागणी वाढली. मोटारींना गिऱ्हाईक परत आले, तेव्हा चिपच्या कारखान्यांत त्यांच्यासाठी जागा उरली नव्हती. चिप तयार व्हायला सुमारे तीन महिने लागतात आणि नवा कारखाना उभारायला काही वर्षे. मग घाई करून काय उपयोग?

मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा येथे चिप-कारखान्याची पायाभरणी झाली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वर्गात हा विषय निघाला, तर आपण विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : कारखाना आपला झाला, तरी राळ कुठून येणार?